न पाहिलेला पिवळा

रंगाच्या दुकानात तक्रारींचा फोन घ्यायला जन्मांध बाई बसवायची, हे काकांच्या काही केल्या पचनी पडत नव्हतं. काका म्हणजे दुकानाचे मालक. सुनेनं हट्टच धरला म्हणून त्यांनी त्या बाईला, इतर सगळ्यांच्या ताईला, तीन महिने बसू दिलं होतं, आणि ती मुदत आज संपत होती.

"काम नेटकं आहे गं तुझं," काका म्हणाले, "पण जन्मात रंग पाहिला नाहीस. तुझं पिवळं-पांढरं म्हणजे निव्वळ पोपटपंची. उद्यापासून मागे पॅकिंगला बस."

पॅकिंगला ताईची ना नव्हती, पण रंगांबद्दल बोलायला तिला मनापासून आवडायचं आणि ते आपल्याला येतं हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

तेवढ्यात दातांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. दवाखान्याचं पांढरं दार वर्षभरात पिवळं पडलं होतं. दाराचा टवका त्यांनी सकाळीच पाठवला होता, आणि दुकानातल्या रंग ओळखणाऱ्या यंत्रानं तो पाहून बेधडक सांगितलं होतं, 'हस्तिदंती.'

"डबाच चुकला आपला," काकांनी कपाळाला हात लावला. "सांग त्यांना, सगळी दारं पुन्हा रंगवून देतो."

ताईनं फोन स्पीकरवर टाकला. "बाई, सगळी दारं पिवळी झालीत का?"

"नाही हो. औषधांच्या कोठीचंच. तेही आतल्या बाजूनं."

"दोन्ही बाजूंना रंग एकाच डब्यातला?"

"एकाच."

"मग डबा चुकलेला नाही. चुकला असता तर दोन्ही बाजू सारख्या दिसल्या असत्या. कोठीत उजेड येतो?"

"खिडकीच नाही तिथे."

काकांनी 'थांब' म्हणून हात केला. तो ताईला दिसायचा प्रश्नच नव्हता.

"तेलाचा पांढरा रंग अंधारात पिवळा पडतो, बाई. उजेडातल्या एखाद्या दारावर काही टांगलंय?"

"बाहेरच्या दारावर दातांचा तक्ता आहे."

"तो उचलून बघा. खाली पिवळा चौकोन असेल."

पलीकडे कागद खडखडला. दुकानात काका फोनजवळ सरकले.

"अगं बाई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आहे की. बरोब्बर तक्त्याएवढा."

"तक्ता काढून ठेवा आणि कोठीचं दार काही दिवस उजेडात राहू द्या. बराचसा पांढरा परत येईल."

फोन ठेवताना ताईला इतका आनंद झाला की तो लपवायचं तिच्या मनातही आलं नाही.

"न बघता तुला कसं कळलं?" काकांनी विचारलं.

"पिवळं कशानं येतं, कशानं जातं, ते असलं तर आणखी काय असायला हवं आणि काय असूच शकत नाही, एवढं मला कळतं. यंत्रानं टवका माझ्यापेक्षा चांगला पाहिला होता, काका. पण पुढचा एक प्रश्न त्याला विचारता आला का?"

इतक्यात एक गिऱ्हाईक पडद्याचा तुकडा घेऊन आलं, याला भिंतीचा कोणता रंग शोभेल म्हणून. सवयीनं काका तुकडा घेऊन यंत्राकडे निघाले, अर्ध्या वाटेत थबकले आणि परत फिरले.

"ते यंत्र नुसतं नाव सांगेल," ते गिऱ्हाइकाला म्हणाले. "या आमच्या ताई. यांना विचारा."

तीन महिन्यांत काकांनी तिला पहिल्यांदाच ताई म्हटलं होतं.