वाचून दाखवणारा

खोली नंबर चौदामध्ये इंग्रजीत काहीही आलं की ते देवीदासकडे जायचं. बँकेचा मेसेज असो, कंपनीची नोटीस असो नाहीतर औषधाच्या बाटलीवरचं लेबल. कतारमधल्या रास लफानच्या कामगार कॅम्पात आठ जणांच्या खोलीत तोच एकटा डिप्लोमा झालेला इलेक्ट्रिशियन. बाकीचे त्याच्यासमोर मोबाईल धरून उभे राहायचे आणि तो कॉटवर पडल्या पडल्या वाचून दाखवायचा. आपल्यावाचून ह्यांचं पान हलत नाही, हे त्याला मनातून फार आवडायचं.

महिपतीने मात्र ह्या गोष्टीत बिघाड केला. पन्नाशीला टेकलेला हा लातूरकडचा हेल्पर. एकदा साइटवर पाटी वाचता न आल्यामुळे बंद केलेल्या जागेत शिरला आणि सेफ्टीवाल्याने त्याला पन्नास माणसांसमोर झापलं. तेव्हापासून तो दर शुक्रवारी कंपनीच्या बसने दोहाला जाऊन सार्वजनिक वाचनालयात बसू लागला. तिथून लहान मुलांची इंग्रजी पुस्तकं आणायचा आणि बोट ठेवून एकेक अक्षर लावायचा.

"या प्रोफेसर!" तो आला की देवीदास ओरडायचा. "आज काय, ए फॉर ॲपल?" खोली हसायची. महिपतीही कसनुसा हसायचा.

एका गुरुवारी महिपतीच्या मोबाईलवर वाचनालयाचा मेसेज आला. सवयीने तो देवीदासकडे घेऊन गेला.

"देवीदासभाऊ, काय म्हणायलेत बघ बरं."

देवीदासने वाचलं. मोफत इंग्रजी वर्गात महिपतीचं नाव लागलं होतं, उद्यापासून सुरुवात होती. शेजारच्या कॉटवरच्या बालाजीला डोळा मारून तो गंभीरपणे म्हणाला, "मामा, अवघड आहे. पुस्तक खराब केलंत म्हणतात. पोलिसांत तक्रार केलीय. व्हिसा रद्द होऊ शकतो."

महिपतीने दोन्ही हात पुढे करून दाखवले. "मी तर हात धुऊन पुस्तक धरतो रे!"

दुसऱ्या दिवशी तो दोहाला गेला नाही. आठवडाभर त्याला घास गिळवेना. बायकोचा, विठाबाईचा फोन आला तरी उचलेना. शेवटी त्याने देवीदासपुढे हात जोडले. "तू शिकलेला हाईस. माफीची चिठ्ठी लिहून दे. मी जाऊन पाया पडतो."

देवीदास कागद घेऊन बसला. तो लिहीत होता तेवढ्यात महिपतीने त्याच्यासाठी आलं घालून चहा केला. चिठ्ठीत इंग्रजीत तीन वाक्यं होती: मी गाढव आहे. पुस्तकं माणसांसाठी असतात. मला पुन्हा आत घेऊ नका.

शुक्रवारी देवीदास आणि बालाजीही बसमध्ये चढले. "आम्ही येतो सोबतीला," देवीदास म्हणाला. महिपतीचे डोळे भरून आले. खरं तर देवीदासला व्हिडिओ काढायचा होता.

काउंटरवर स्वप्ना नावाच्या मराठी बाई होत्या. महिपतीने वाकून चिठ्ठी पुढे केली. "मॅडम, चूक झाली. तक्रार मागं घ्या."

मागे उभ्या देवीदासने मोबाईल वर धरला. स्वप्नाबाईंनी चिठ्ठी वाचली. त्यांचा चेहरा उतरला.

"कसली तक्रार, काका?"

महिपतीने मेसेज दाखवला. तो वाचून त्या हळूच म्हणाल्या, "ह्यात तक्रार नाही. तुमचा वर्ग सुरू होतोय असं लिहिलंय. मागच्या शुक्रवारी तुम्ही आला नाहीत, म्हणून ती जागा दुसऱ्याला दिली गेली."

"आणि चिठ्ठीत?"

त्यांनी चिठ्ठी घडी घालून बाजूला सरकवली. महिपतीने ती उचलली, उलगडली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"डी... ओ... एन... के... ई... वाय." तो थांबला. "डाँकी. हा शब्द येतो मला. पुस्तकात चित्र होतं त्याचं."

बालाजी फिदीफिदी हसला आणि लगेच मागे सरकला. आयुष्यात महिपतीने दुसऱ्याच्या हातचं इंग्रजी पहिल्यांदाच स्वतः वाचलं होतं, आणि ते हे होतं!

तो वळला. "मी तुला चहा करून दिला रे."

"मामा, गंमत केली..." देवीदासने मोबाईल खाली घेतला.

"ही गंमत?" स्वप्नाबाई त्याच्याकडे वळल्या. "वाचता येत नाही म्हणून काकांनी तुमच्यावर विश्वास टाकला आणि तुम्ही त्यांच्याच हातात त्यांनाच शिवी लिहून पाठवलंत! तुम्हाला तर वाचता येतं. तुम्ही इथे कधी आलात?"

देवीदास एकदा आला होता, चार वर्षांपूर्वी, ड्युटीच्या निळ्या कपड्यांत. काचेच्या दारापर्यंत येऊन, आपल्याला कोण आत घेणार म्हणून परत फिरला होता. कुणीच अडवलं नव्हतं. आणि जिथून आपण पळालो तिथे हा अडाणी माणूस बिनदिक्कत जाऊन बसतो, हेच त्याला सहन होत नव्हतं.

"रहिवासी ओळखपत्र असेल त्या प्रत्येकाला इथे फुकट कार्ड मिळतं," बाई म्हणाल्या. "आम्ही कपडे बघत नाही, पगार विचारत नाही. तरी कॅम्पातली माणसं येत नाहीत. का, ते आज कळलं मला. येणाऱ्याला त्याच्या खोलीतच अडवलं जातं!"

महिपतीने खोली बदलून घेतली. देवीदास तिथे जाऊन त्याच्या पाया पडला. महिपतीने पाय मागे ओढले. "आता तू काहीही म्हण. मला ते खरं वाटणार नाही," एवढंच तो म्हणाला.

देवीदासने व्हिडिओ पुसला, स्वतःचं कार्ड काढलं. आता दर शुक्रवारी तो कॅम्पातल्या चार-पाच जणांना घेऊन वाचनालयात जातो आणि फॉर्म भरायला मदत करतो. लिहिलेलं असेल तेवढंच वाचून दाखवतो, वर आपला एक शब्द घालत नाही. महिपतीला पुढच्या वर्गात जागा मिळाली, पण चार महिन्यांनी. एकाच बसमधून दोघं जातात. देवीदासने शेजारची जागा मोकळी ठेवली तरी महिपती मागे जाऊन उभा राहतो. त्याने माफ केलेलं नाही, आणि करायलाच हवं असंही नाही.

वाचकहो, वाचनालयाचं दार सरकार उघडू शकतं. पण त्या दाराकडे निघालेल्या माणसाला हसून परत फिरवणारे आपणच असतो. ज्याला वाचता येतं त्याने न येणाऱ्याला हात धरून तिथवर न्यावं. तेवढंही जमणार नसेल, तर निदान त्याच्या वाटेतून बाजूला व्हावं!