निघणाऱ्याला न्हाई म्हणत नसतेत

मी विमानवाल्यांना हवा सांगते. परभणीच्या बाहेर आमचा छोटा फ्लाइंग क्लब आहे. दोन विमानं, एक धावपट्टी, अन् पत्र्याच्या खोलीत मी. उडायच्या आधी प्रत्येक पायलटनं माझ्यासमोर बसायचं. वारा कुणीकडून, ढग किती खाली, किती लांबचं दिसंल, मागं कधी फिरायचं, हे सगळं मी सांगायचं अन् त्यानं मला परत म्हणून दाखवायचं. चुकला तर पुन्हा. माझा आवाज मोठा आहे हे मला ठाऊक आहे. हवामानशास्त्र शिकले, सरकारी खात्यात केस पांढरे केले, आता या वयात गोड बोलायला काही शिकणार नाही.

लोकांना वाटतं, हवा सांगणारीनं ‘जाऊ नका’ म्हणलं की झालं काम. अहो, ‘जाऊ नका’ म्हणायला काय अक्कल लागते? रोज नाही म्हणा अन् विमानं पडून राहू द्या शेडात. खरी कसोटी ‘आता जा’ म्हणण्यात आहे. कारण मग वर जीव दुसऱ्याचा असतो अन् शब्द आपला असतो.

त्या दिवशी जीव होता दिपालीचा. उमाजी मेंढरंवाल्याची धाकटी. शिष्यवृत्तीवर पायलट व्हायला आलेली, बोलायला कमी अन् ऐकायला पक्की. तिची एकटीनं मारायची लांबची फेरी तेवढी राहिली होती. परभणीहून वालूर, तिथून पोखर्णी, मग चुडाव्यावरून नांदेडला उतरून परत. ही फेरी त्या दिवशी दिवस मावळायच्या आत झाली तरच शिष्यवृत्ती पुढं चालू, नाहीतर नाव कट अन् जागा दुसऱ्याला. आठवडाभर रोज काहीतरी निघायचं. कधी धुकं, कधी विमानाचा टायर. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, दुसरं काय!

सकाळी खिडकी उघडली तर समोर उभं असलेलं विमान दिसंना. जानेवारीचं धुकं, गच्च बसलेलं. रडारचं चित्र पाहिलं तर मावळतीकडं, बीडच्या अंगाला, अवकाळी ढग जमायलेले. दुपारनंतर ते आमच्यावर येणार अन् गडगडाट होणार. म्हणजे धुकं उठल्यापासून ढग येईपर्यंत जेवढी फट, तेवढ्यात पोरीनं जाऊन यायचं. लवकर सोडली तर धुक्यात घुसणार, उशिरा सोडली तर ढगात.

कॅप्टन महारुद्र, म्हणजे आमचे विमान शिकवणारे, येरझाऱ्या घालायलेले. “मॅडम, मोबाईलवर तर हवा चांगली दाखवायलंय.”

“मग मोबाईललाच बसवा विमानात,” मी म्हणलं.

दिपाली माझ्यासमोर खुर्चीवर, नकाशा मांडीवर. उमाजी दाराशी उकिडवे बसलेले. खुर्ची दिली तर म्हणले, “इथंच बरं हाय बाई.”

आता धुक्याची एक गंमत असते. वरून, उपग्रहातून, ते नुसतं पांढरं दिसतं. खाली कुठं विरलं अन् कुठं नाही, ते तिथं उभं राहणाऱ्यालाच कळतं. म्हणून वाटेवर मी माझी माणसं पक्की करून ठेवलेली आहेत. वालूरला दुकानदार भुजंग, त्याला तिथून लांबची पाण्याची टाकी दिसते. चुडाव्याला स्टेशनापाशी चहा विकणारी कडूबाई, तिला लांबचा सिग्नल. अन् पोखर्णीच्या शिवारात चांगुणाबाई, तिला वावरातून नरसिंहाच्या मंदिराचा कळस. मी फोन करायचा अन् एकच विचारायचं, दिसतंय का? सालोसाल हे चाललंय अन् ही माणसं मला कधी चुकीचं बोलली नाहीत.

भुजंगला लावला. “दिसतीय की ताई! टाकी एकदम साफ!”

कडूबाईला लावला. “दिसतोय की सिग्नल! लाल बी दिसतोय, हिरवा बी दिसतोय!”

एकाच वेळी लाल अन् हिरवा? माझ्या कपाळाला आठी पडली. चांगुणाबाईला लावला.

“दिसतो की कळस! समदं दिसतंय. पाठवा पोरीला बिनघोर!”

कॅप्टन खूश. उमाजी उठून उभे राहिले. मी मात्र खिडकीबाहेर पाहायले. आमच्या मैदानावर हवा पाण्यानं भरून तुडुंब, वारा बिलकुल नाही, अन् दोन-तीन गावांपलीकडं सगळं लख्ख? तेही तिन्हीकडं?

“चांगुणाबाई,” मी म्हणलं, “कळसावरचा झेंडा कुणीकडं उडायलाय?”

“झेंडा ना? उगवतीकडं. असा फडाफडा उडायलाय.”

झालं! माझं पित्त खवळलं. झेंडा फडफडण्याइतका वारा असता तर हे धुकं बसलंच नसतं. वारा सुटला की धुकं मोडतं, हे हवामानाचं पहिलीचं पुस्तक आहे.

“खोटं!” मी असं ओरडले की कॅप्टनच्या हातातला कप हिंदकळला. “देवाच्या कळसाचं नाव घेऊन खोटं बोलायलाय तुमी? पोरगी वर जाणार आहे, वर!”

मग चांगुणाबाईचा बारीक आवाज आला. “अवो बाई, न्हाई कसं म्हणू? उमाजीची मेंढरं दरसाल खतासाठी आमच्या वावरात बसतेत. ही पोरगी झोळीत होती तवापासून पाहिलीय. ती आज निघालीय म्हनं. निघणाऱ्याला न्हाई म्हणत नसतेत. अपशकुन होतो.”

मी डोक्याला हात लावला. भुजंगच्या वावरात पण उमाजीचीच मेंढरं बसतात. कडूबाईच्या भावाच्या पण. तिन्ही गावांनी पोरीवरच्या मायेपायी माझ्याशी खोटं बोलायचं ठरवलेलं, अन् तेही एकमेकांना न विचारता! शिव्या द्याव्यात तर ही माया, अन् सोडून द्यावं तर पोरीचा जीव. बरं, समजावून सांगून उपयोग काय? पुन्हा विचारलं तर पुन्हा ‘दिसतंय की’च म्हणणार. जात्याच्या खुंट्याला तोंड फुटंल, पण आमच्याकडची बाई निघालेल्या लेकीला तोंडानं ‘न्हाई’ म्हणणार नाही.

मग माझ्या डोक्यात आलं. अरे, निघणाऱ्याला न्हाई म्हणत नाहीत ना? मग निघणारंच नको.

“ऐका चांगुणाबाई,” मी म्हणलं, “उड्डाण रद्द. दिपाली आज जात नाही.”

“बरं केलं बाई!” ती एवढ्या जोरात बोलली की सगळ्या खोलीनं ऐकलं. “हिथं हाताचं बोट दिसंना. बैल कुठं बांधलाय ते त्याच्या घंटीवरून कळायलंय!”

लगोलग कडूबाई अन् भुजंगला तेच सांगितलं. कडूबाई म्हणली, गाडी भोंगा वाजवत वाजवत गेली, ती सुद्धा ऐकूच आली, दिसली नाही. भुजंग म्हणला, “टाकी कशाची ताई, समोरचं दुकान दिसंना!”

फोन ठेवला अन् वळले तर दिपालीनं नकाशा घडी केलेला. डोळ्यांत पाणी. उमाजी तिची पिशवी उचलायलेले.

“ठेवा ती खाली!” मी ओरडले. “रद्द गावाला सांगितलंय, तुमाला नाही! अन् तू गं, नकाशा उघड. रडायचं असलं तर नांदेडहून आल्यावर रड.”

पोरगी माझ्याकडं बघतच राहिली. मग खुदकन हसली. कॅप्टन म्हणले, “मॅडम, तुमी कमाल आहात.”

“कमाल फेरी झाल्यावर म्हणा.”

मग वाट बघणं आलं, अन् हवेच्या धंद्यात वाट बघण्याएवढं अवघड काही नाही. मावळतीचे ढग रडारवर फुगायलेले. माझ्या खोलीबाहेरचा तापमापक चढायला तयार नाही. कॅप्टन घड्याळ बघणार, मी त्यांच्याकडं डोळे वटारून बघणार. मला खरंच भीती वाटत होती. ढग आधी आले असते तर मीच त्या लेकराच्या तोंडावर नाही म्हणणार होते, अन् ते ‘नाही’ खरंखुरं असणार होतं.

मग पारा हलला. वाऱ्याची पहिली झुळूक उगवतीकडून आली अन् समोरच्या विमानाचा पंखा दिसला, मग शेपटी दिसली. तेवढ्यात भुजंगचा फोन, आपणहून. टाकी दिसायली म्हणला, अन् पोरगी उगाच राहिली म्हणून वर हळहळला. मग कडूबाईचा, सिग्नल दिसायलाय म्हणून. फक्त हिरवा! पोखर्णीचा मात्र येईना. मी फोनकडं बघत बसले. शेवटी आला तेव्हा चांगुणाबाई रडायच्या बेतात.

“बाई, आता कळस दिसायलाय वो. लख्ख. झेंडा बी मावळतीकडं हळूहळू हलायलाय. तासभर थांबला असता तर पोरगी गेली असती ना!”

उगवतीचा वारा, मावळतीकडं झेंडा. माझ्या दारातल्या वाऱ्याशी तंतोतंत जुळत होतं. हे खरं होतं, कारण त्यात कुणाला खूश करायचं नव्हतं.

“दिपाली! ऐक,” मी म्हणलं. “वाटेवर धुकं उठलंय. वारा उगवतीचा, मंद. मावळतीकडून गडगडाटी ढग येणार, दुपारनंतर. नांदेडला उतरायचं, सही घ्यायची, निघायचं, चहासुद्धा प्यायचा नाही. येताना समोर काळं दिसलं तर?”

“मागं फिरून नांदेडला उतरायचं. लाजायचं नाही.”

“शिष्यवृत्ती गेली तर?”

तिनं नकाशावर नांदेडला बोट टेकवलं. “गेली तर गेली. मागं फिरायचं.”

“मग जा. आता जा!”

ती गेली. विमान वर चढलं तेव्हा उमाजींनी दोन्ही हात जोडले, अन् मी रडारसमोर बसून ढगांना मनातल्या मनात शिव्या दिल्या. थोड्या वेळानं पोखर्णीचा फोन.

“बाई! रद्द म्हनलात, मग ह्ये डोक्यावर कुणाचं विमान हाय?”

“तिचंच.”

“आं! माझ्याशी खोटं बोललात?”

“तुमी आधी बोललात!” मी म्हणलं. तिकडून एकदम हसू फुटलं, अन् मागं आख्खं शिवार ओरडल्यासारखा गलका, “आमची दिपाली! आमची दिपाली!”

नांदेडला उतरली. निघाली. ढग परभणीच्या मावळतीला येऊन उभे राहिले तसा माझा जीव टांगणीला लागला. मग उगवतीकडं एक ठिपका. ठिपक्याचं विमान झालं, धावपट्टीवर अलगद टेकलं, अन् शेडात ढकलून होईपर्यंत गारांचा तडाखा पत्र्यावर सुरू झाला. एकदाचं घोडं गंगेत न्हालं! कॅप्टननी तिथंच उभ्या-उभ्या फेरी पूर्ण झाल्याची सही केली. उमाजी नुसते लेकीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.

दिपाली भिजत माझ्या खोलीत आली. येऊन हवा कशी होती ते सांगायचं, हा माझा कायदा.

“कशी होती हवा?” मी विचारलं. “मी सांगितली तशीच ना?”

ती खुर्चीवर ताठ बसली, माझ्या डोळ्यांत बघून म्हणली, “न्हाई मावशी. चुडाव्यावर वारा मंद नव्हता. चांगला जोरात होता, विमान बाजूला ढकलायलेला. ते तुमचं चुकलं.”

दिवसभरात मला तोंडावर ‘न्हाई’ म्हणणारी ही पहिली. मी उठले अन् तिला पोटाशी धरलं. पोरगी पायलट झाली होती.