माळावरची छत्री

न्हावऱ्याच्या पुढं माळावर लष्कराचा तळ होता. उपग्रहाचे संदेश झेलणारी भलीमोठी तबकडी तिथं आभाळाकडं तोंड करून उभी असायची. गावं तिला छत्री म्हणायची, आणि तळालाही छत्रीच. मच्छिंद्र तिथं चौदा वर्षं ठेक्यावर लाइनमन होता. छत्रीचे संदेश दौंडकडं नेणारी जमिनीखालची जाड केबल राखायची, हे त्याचं आणि त्याचा जोडीदार भिमाजीचं काम.

२००२ साली दिल्लीनं असे तीन तळ बंद करायचं मनावर घेतलं. एप्रिलमध्ये, एका सोमवारी सकाळी अकराला, मोठे साहेब येऊन चाचणी घेणार होते. संदेश दौंडला धड पोचला तर तळ राहणार, नाहीतर गेटला टाळं.

तळाची जमीन मुळात गावातल्या सर्जेरावांची. ती सरकारनं घेतली तेव्हा त्यांच्या वडिलांनी अंथरूण धरलं, ते परत उठले नाहीत. तळ हलला की जमीन परत मिळेल, असं कुणीतरी सर्जेरावांच्या मनात भरवलं होतं. त्यांचा मुलगा विश्वजीत तर नुसता पेटला होता.

त्या सोमवारी साडेनऊला मच्छिंद्र आणि भिमाजी मोटारसायकलवरून केबलीच्या कडेनं निघाले. ओढ्याजवळ चौघांनी जमीन उकरली होती. विश्वजीत खड्ड्याच्या काठावर वाकून कोयत्यानं केबल तोडत होता. वरचं रबर फाटलं होतं, आतल्या पोलादी वेढ्यावर कोयता ठणठणत होता.

"दादा, कोयता टाका खाली," मच्छिंद्र म्हणाला. "अकराला चाचणी हाय."

"म्हनूनच तोडतोय. आन् तू कोन रं मला सांगनारा? आमच्या रानात उभं राहून तुमच्या वस्तीतली मानसं आता हुकूम सोडाय लागली व्हय?"

भिमाजी पुढं झाला. त्यानं सरळ खड्ड्यात उडी मारली आणि केबलीवर पालथा पडला. "आता तोडा," म्हणाला.

विश्वजीतनं तोडलं. पहिला घाव खांद्यात गेला, दुसरा मानेत. रक्ताची चिळकांडी उडालेली बघून बरोबरचे तिघं उसातून पळत सुटले.

मच्छिंद्रनं खड्ड्याकाठची पहार उचलली. विश्वजीत त्याच्यावर कोयता उगारून आला, तेव्हा पहिला फटका मनगटावर बसला आणि कोयता उडाला. विश्वजीतनं डाव्या हातानं दगड उचलला. दुसरा फटका गुडघ्यावर. हाड मोडल्याचा आवाज झाला, तो कोसळला.

"बास, मच्छिंद्र! बास की रं!" विश्वजीत हात जोडून ओरडला.

मच्छिंद्रला ऐकू आलं होतं. तरी त्यानं त्याच गुडघ्यावर आणखी दोनदा पहार घातली.

मग तो खड्ड्यात उतरला. टॉवेलाची घडी भिमाजीच्या मानेवर दाबून धरली, पण रक्त बोटांतून येतच राहिलं. तळाची जीप यायच्या आधीच भिमाजी गेला. केबल त्याच्या अंगाखाली आतून शाबूत होती. अकराला संदेश दौंडला पोचला.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात तळाचे मेजरसाहेब मच्छिंद्रच्या शेजारी बसले. "लिखवा दो, सब बचाव में किया," ते हळूच म्हणाले.

मच्छिंद्रनं फौजदाराकडं बघितलं. "पयले दोन फटके बचावाचे. तो पडल्यावरचे दोन माझे. तवा तो हात जोडत होता."

विश्वजीतला जन्मठेप झाली, मच्छिंद्रला तीन वर्षं. शिक्षा झालेल्या माणसाला लष्करी तळावर घेत नाहीत, तेव्हा त्याचं काम गेलं ते गेलंच. तळ मात्र राहिला.

भिमाजीची बायको गिताबाई तुरुंगात भेटायला आली. जाळीपलीकडं उभी राहिली.

"तळ ऱ्हायला म्हनत्यात, भावजी."

"व्हय, वैनी."

"मग मला तिथं काम द्या म्हनावं. झाडलोटीचं नगं. ह्यांचं काम द्या."

मच्छिंद्रनं मेजरसाहेबांना चार पत्रं लिहिली. पहिल्या तिन्हींना उत्तर आलं नाही. चौथ्यात त्यानं भिमाजी केबलीवर कसा पालथा पडला होता तेवढंच लिहिलं. दीड वर्षानं गिताबाईला काम मिळालं.

पुढच्या भेटीला ती आली तेव्हा हातांना घट्टे पडले होते.

"वढ्याजवळ केबल उघडी पडलीती. मीच बुजवली."

"खोल किती?"

"कंबरंएवढी."

"आजून हातभर खोल न्या, वैनी," मच्छिंद्र म्हणाला. "तिथं पानी जोरात येतं."