जयवंतबाबांच्या ट्रकचा पंखा

मित्रांनो, मी एक जुनी, उन्हावर चालणारी सुकवणी पेटी आहे. डिचोली तालुक्यातल्या नार्वे गावात, प्रतीक्षाच्या अंगणात माझा मुक्काम असतो. माझी काच एका कोपऱ्यात तडकली आहे, पण माझ्या पोटात वाळलेली कोकमाची सोलं एकदा चाखाल, तर पुढं नुसत्या आठवणीनं तोंडाला पाणी सुटेल!

खाणी बंद पडल्या तेव्हा प्रतीक्षाच्या बाबांचा, जयवंतांचा, खनिजाचा ट्रक घरापुढं उभा राहिला तो राहिलाच. मग प्रतीक्षानं गावातल्या आठ बायका जमवून सोलं विकायचा उद्योग काढला. शहरातल्या एका संस्थेनं अनुदान दिलं आणि मी आले. काय माझा थाट! आत हवा खेळवायला पंखा, आणि दार असं घट्ट की मुंगी शिरायची नाही. "एका दिवसात माल तयार," असं मला बनवणारे इंजिनियर म्हणाले होते. मीही फुशारले.

पहिल्याच खेपेला फजिती झाली. सोलं वाळली खरी, पण फिकट आणि बेचव. आठ जणींतली सुलोचनाकाकी हसत सुटली. "अगो, एकदाच सुकवून सोलां जातत काय? रसात बुडवूची, सुकवूची, परत बुडवूची. चार-पाच फावटी तरी!"

सोलं चार-पाच वेळा रसात बुडवून सुकवावी लागतात, हे इंजिनियरांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी विचारलं तरी कुठं होतं म्हणा! शेवटी गावच्या सुतारानं माझं दार कापून सहा खण बसवले. खण ओढायचा, सोलं रसात बुडवायची, पुन्हा आत सरकवायची. दार कापताना मला दुखलं, पण त्या खणांनीच माझं नाव केलं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गिऱ्हाइकं नार्व्याची सोलं मागून घेऊ लागली.

पाच वर्षांनी, ऐन कोकमाच्या दिवसांत, माझा पंखा जळाला. घरात वीस टोपल्या कोकम पडलं होतं. दोन दिवसांत त्याला बुरशी धरली असती आणि आठ जणींचा हंगाम बुडाला असता. तसा पंखा बाजारात मिळेना. प्रतीक्षानं संस्थेला फोन लावला.

"दुरुस्तीला आमच्याकडे पैसे नसतात," तिकडून उत्तर आलं. "जुनी पेटी मोडीत काढा, पावसाळ्यानंतर नवी देतो."

"नवीला खण असतील?"

"नाही. आणि तिचं दार कापलंत, तर अनुदान परत करावं लागेल."

फोन ठेवून पोर माझ्याजवळच बसली. मला फार वाईट वाटलं.

जयवंतबाबा सोप्यावरून सगळं ऐकत होते. खाणी आज ना उद्या सुरू होतील म्हणून ते दर आठवड्याला ट्रक धुवायचे, त्याच्या एका खिळ्यालाही कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. ते उठले, केबिनमध्ये चढले आणि चालकाच्या जागेवर बसवलेला छोटा पंखा सोडवून घेऊन आले.

"बाबा, खाणी सुरू झाल्यो तर?" प्रतीक्षानं विचारलं.

"तेव्हा बघूया गे. कोकमां थांबूची नाय."

मित्रांनो, नव्या वस्तू जरूर आणा. पण जुनी मोडीत काढण्याआधी ती रोज वापरणाऱ्याला एकदा विचारा, आणि जमेल तितकी दुरुस्त करा. मी अजून काम करते. ट्रकमधून आलेला पंखा जरा मोठ्यानं घरघरतो, एवढंच. तो सुरू झाला की जयवंतबाबा हातातलं काम ठेवतात आणि थोडा वेळ ऐकत उभे राहतात.