हवेत झाडलेली गोळी

"कुणाला लागलं का? नाय ना? मग कशाला वाढवायचं?" सकाळपासून हेच ऐकून ऐकून रत्नमालाबाईंचे कान किटले होते.

रत्नमालाबाई फुलंब्रीजवळच्या एका गावच्या पोलीस पाटील. गावात गुन्हा घडला की ठाण्याला कळवायचं, हे त्यांचं काम. आणि आदल्या दिवशी गुन्हा घडला तो त्यांच्याच अंगणात. त्यांचे धाकटे दीर कृष्णा संभाजीनगरात गारखेड्याला राहतात, प्लॉटिंगचा धंदा करतात आणि कमरेला परवान्याचं पिस्तूल लावून हिंडतात. जिवाला धोका आहे म्हणून परवाना काढला. धोका कुणापासून, ते आजवर कुणाला कळलेलं नाही! लेकीचा, श्रेयाचा साखरपुडा त्यांनी हौसेनं गावी केला. डीजे चढला, मित्रांनी त्यांना खांद्यावर घेतलं आणि भर दुपारी कृष्णारावांनी हवेत दोन गोळ्या झाडल्या. लोकांनी टाळ्या पिटल्या, मोबाइल वर धरले. हवेत गेलेली गोळी हवेतच विरून जाते, असा आपल्याकडे भल्याभल्यांचा समज आहे.

खांद्यावर डुलताना कृष्णारावांचा हात तिरपा झाला होता. एक गोळी बुद्धविहारामागच्या मोतीराम आणि गीताबाईंच्या घराचा पत्रा फोडून खाटेवर पडली. त्यांची चिमुकली नात रूपा त्याच खाटेवर झोपली होती. आजीनं तिला दूध पाजायला नुकतंच उचललं होतं, म्हणून वाचली.

रत्नमालाबाईंनी गावभर फिरून विचारलं, कोण साक्ष देणार? काल ज्यांचे मोबाइल वर होते, त्यांचे व्हिडिओ आज आपोआप पुसले गेले होते. कुणी म्हणालं, आम्ही तर जेवत होतो. कुणी म्हणालं, फटाका असंल. घरात नवरा गोकुळ वैतागून म्हणाले की पंधरवड्यावर पोरीचं लग्न आलंय, घरचं भांडण चावडीवर न्यायची ही वेळ आहे का? सासूबाई लक्ष्मीबाईंनी तर सुनेशी बोलणंच टाकलं. कृष्णारावांनी मोठ्या मनानं निरोप धाडला, मोतीरामला नवा पत्रा टाकून देतो.

बाईंचा धीर सुटला, हेही सांगायला हवं. त्यांनाही वाटून गेलं, की जाऊ दे, घर सांभाळावं. त्या तो निरोप घेऊन स्वतः मोतीरामांकडे गेल्या. मोतीराम एसटीत वाहतूक नियंत्रक होते, आता निवृत्त. त्यांनी चहा दिला, ऐकून घेतलं.

"ताई, एक इचारू का?" ते म्हणाले. "काल रूपाला लागलं असतं, तर तुम्ही ठाण्याला रिपोर्ट लिहिला असता का नाय?"

"लिहिला असता, काका. कुणाची भीड ठेवली नसती."

"म्हंजे तुमच्या रिपोर्टाला माझी नात मरायला पायजे."

बाईंच्या हातातला कप खाली ठेवला गेला.

मोतीराम शांतपणे म्हणाले, "कायदा तसं म्हणत नाय. लग्नकार्यात गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला की दोन वर्षांपर्यंत कैद, न्हाय तर लाखापर्यंत दंड, न्हाय तर दोन्ही. कुणी मरायची वाट कायदा बघत नाय. आपणच बघतो."

रत्नमालाबाई तिथून उठल्या त्या थेट फुलंब्रीला गेल्या. दिराचं नाव स्वतःच्या हातानं लिहिताना पेन अडखळलं, पण लिहिलं. गुन्हा नोंद झाला, पिस्तूल जप्त झालं, परवानाही निलंबित झाला.

पण साक्षीला कोणी येईना! मोतीराम आणि गीताबाई सोडले तर सारं गाव आंधळं आणि बहिरं झालेलं. बाईंचा संताप संताप होई. शेवटी त्या बचत गटाच्या बायकांपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कोर्टात यायला भ्या वाटतं, कबूल. पण जिथं पिस्तूल निघंल तिथं जेवायचं नाय, एवढं तर जमंल?" बायकांनी माना डोलावल्या. माना काय, डीजेपुढे व्हिडिओ काढणारेही डोलावत होते, असं मनात म्हणत बाई घरी आल्या.

लग्नाचा दिवस उजाडला. गावाला चूलबंद आवतण होतं, त्या दिवशी कुणाच्याच घरी चूल पेटायची नव्हती. मोतीरामांचं घर मुद्दाम वगळलं होतं, तिथं बाई स्वतः जाऊन आवतण देऊन आल्या. अक्षता पडल्या, बायकांची पंगत बसली, भात वाढून झाला. इतक्यात कृष्णारावांचा शहरातला एक बडा मित्र डीजेपुढे नाचता नाचता थांबला आणि त्यानं कमरेचं पिस्तूल काढून वर धरलं.

रत्नमालाबाईंनी पंगतीकडे पाहिलं. बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघत होत्या. कुणी हलेना.

आणि पंगतीच्या टोकाला बसलेल्या लक्ष्मीबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. नवरीची आजी, कृष्णारावांची सख्खी आई! भरल्या ताटावरून त्या उठल्या, मग गीताबाई उठल्या, आणि बघता बघता अख्खी पंगत उभी राहिली. वाढपी भाताची परात धरून जागेवरच थबकले. डीजे बंद पडला.

कृष्णा धावत आला. "आई, बस की. पावण्यांसमोर इज्जत जाईल."

"त्या खाटंवर लेकरू असतं," लक्ष्मीबाई म्हणाल्या, "तर मी कोणत्या तोंडानं जेवले असते रे? इज्जत तवाच गेली. मला लई उशिरा कळलं."

कृष्णा खाली मान घालून उभा राहिला. मग तो मित्राकडे गेला आणि हात जोडून म्हणाला, "शेठ, हे आत ठेवा अन् निघा. माझ्या पोरीच्या लग्नाला तुमी नसला तरी चालंल, पंगत पायजे." मित्र तणतणत गाडीत बसला, तशा बायका पुन्हा पानावर टेकल्या. रत्नमालाबाईंनी गाडीचा नंबर लगोलग ठाण्याला कळवला. त्यांना कृष्णानं अडवलं नाही. त्यानं वाढप्याच्या हातून परात घेतली आणि गीताबाईंच्या पानापुढे जाऊन वाकला. ठाण्यात आपण स्वतःच कबुली देणार, असंही तो वहिनींना हळूच म्हणाला.

मंडळी, हवेत झाडलेली गोळी कुणाच्या ना कुणाच्या छपरावर उतरतेच. ती थांबवायला कायदा झाला आहे, पण त्याला पाय आपल्यालाच द्यावे लागतात. गुन्हा दिसला की सांगा, साक्ष द्या. तेवढी हिंमत आज नसेल, तर निदान भरल्या ताटावरून उठायची असू द्या!