कपाटातल्या बैलाचा तान्हा पोळा

मित्रांनो, मी एक जुना बैल आहे, पण नांगर मी कधी पाहिला नाही. लाकडाचा बैल तो, नांगर कुठून पाहणार! गोंदियाच्या एका सुताराने मला सागाच्या ठोकळ्यातून घडवले, पायांखाली चाके बसवली आणि शिंगांवर पितळी टोप्या चढवल्या. आमच्या विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लहान मुले लाकडी बैल सजवून दारोदार ओढत नेतात आणि लोक बैलाला ओवाळून मुलांना बोजारा म्हणून खाऊ देतात. माझा जन्म त्यासाठीच झाला होता.

पण मला विकत घेतले बाबारावांनी. हे रेल्वेतले गृहस्थ बदली होऊन रायपूरला आले आणि शंकर नगरात घर बांधून इथलेच झाले. त्यांना खेळणी जमवायचे भारी वेड. पत्र्याचा बेडूक, चावीचे माकड, छत्तीसगडी मातीचा नांदिया बैल आणि मी, सगळे एका मोठ्या काचेच्या कपाटात. लहानपणी त्यांच्या वाट्याला एकही खेळणे आले नव्हते, असे त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई पाहुण्यांना सांगत. पाहुणे आमची वाहवा करत. वाहवा ऐकून कोणाचे पोट भरत असेल तर भरो, बैलाचे भरत नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी देवयानी तासन् तास कपाटासमोर उभी राहायची. "हात नको लावू, पोट्टे. खराब होईन," बाबाराव म्हणायचे. काचेवर तिच्या बोटांचे ठसे उमटले, की तेही लगेच पुसायचे. पुढे ती मोठी झाली आणि तिने मागणेच सोडले. मला वाईट वाटले. चाके असून जो जागचा हलत नाही, त्याला त्यातले दुःख कळते.

आता देवयानी कलावंत आहे. परफॉर्मन्स आर्ट करते म्हणे. त्यात कलावंत चित्र काढत बसत नाही, स्वतःच चित्रासारखा लोकांपुढे उभा राहतो. यंदा ती बाबारावांपुढे येऊन म्हणाली, "पापा, एका दुपारसाठी कपाट आणि सगळी खेळणी द्या. खेळणी बाहेर जमिनीवर राहतील, मुलं खेळतील. आत मी बसेन. बोलणार नाही, हलणार नाही."

"काहून? तुयं डोकं फिरलं काय?"

"मले पाहायचं आहे पापा, आतून कसं वाटते ते."

बाबाराव दोन दिवस कपाटाची काच पुसत राहिले. मग म्हणाले, "ने. पण हात कोणी लावणार नाही. मी तिथंच बसून राहीन."

हातच लावायचा नाही, तर मग तिच्या खेळात उरले काय? देवयानी वाद घालत बसली नाही. "या तुम्ही," एवढेच म्हणाली.

कार्यक्रमासाठी एक हॉल नेमका तान्ह्या पोळ्याच्या दिवशी रिकामा मिळाला. मंदाकिनीबाईंना परफॉर्मन्स वगैरे काही झेपले नव्हते. सणाचा दिवस, वर लाकडी बैल, वर मुलांना आमंत्रण! त्यांनी आपल्या परीने अर्थ लावला आणि मराठी मंडळातल्या बायकांना फोन केले, "आमच्या देवयानीनं तान्हा पोळा ठेवला आहे. पोट्ट्यांले घेऊन या."

मग काय विचारता! कपाटात देवयानी पुतळ्यासारखी बसलेली. बाजूला खुर्ची टाकून बाबाराव राखणीला. चार कलाप्रेमी गंभीर तोंडे करून उभे. आणि दारातून फेटे बांधलेली पोरे आपापले बैल ओढत आत आली, मागून बायका आरतीची ताटे घेऊन.

"अवं माय, किती साजरा बैल!" म्हणत शेजारच्या कुमुदताईंनी माझ्या कपाळावर चांगले बोटभर ओले कुंकू लावले. इतक्या वर्षांचे जपलेले पॉलिश! बाबाराव ताडकन उठले. "ओ ताई, हात नका..." पोळ्याच्या सणाला बैल ओवाळणाऱ्या बाईचा हात धरायचा कसा? विदर्भातल्या माणसाच्याने ते होत नाही. त्यांनी मुकाट्याने हात जोडले.

हे पाहून पोरांची भीड चेपली. सोनिया नावाची एक चिमुरडी थेट त्यांच्याजवळ आली. "दादाजी, इस बैल की रस्सी किधर है?"

"त्याले दोर नाही, बेटा."

"तो खेलते कैसे हो?"

सोनियाने आपल्या केसांची रिबीन सोडून माझ्या गळ्यात बांधली आणि ओढली. मित्रांनो, मी चाललो! चाके कुरकुरली, मी भिंतीवर आपटलो आणि माझ्या कानाचा टवका उडाला.

बाबारावांनी ओरडायला तोंड उघडले आणि तेवढ्यात त्यांची नजर कपाटाकडे गेली. देवयानी ठरल्याप्रमाणे हलली नव्हती. पण तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होते. कलाप्रेमींना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

बापाला मात्र ते बरोबर कळले. त्यांनी कपाटाचे दार उघडले, माझी रिबीन तिच्यापुढे धरली आणि म्हणाले, "बाहेर ये, माय. तुयं खेळायचं राहून गेलं."

ती उठली. सगळ्या हॉलभर तिने मला ओढले. बाबाराव मागून चालत होते, डोळे पुसत.

मित्रांनो, आपल्या खेळण्यांना जपा, मोडू नका, पावसात टाकू नका. पण एवढेही जपू नका, की ज्याच्यासाठी आणले त्याचाच हात लागायचा राहील. आम्ही खेळणी वाट पाहू शकतो. मुले मोठी होतात.