काचेवरचा बाप

सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर हरेशने सारसोळ्यात बंगला बांधला. हॉलमध्ये सगळं आलं, फक्त बापाचा फोटो नव्हता. बाप जन्मभर मिठागरात राबला, लंगोटीवर जगला नि तसाच गेला. कॅमेऱ्यासमोर कधी उभाच राहिला नाही. मग हरेशने काय करावं? चोरबाजारातून एका पगडीवाल्या भारदस्त माणसाचा जुना फोटो आणला, हार घातला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला 'आमचे बाबा' म्हणून दाखवू लागला. गावातल्या म्हाताऱ्यांना खरं ठाऊक होतं, पण हरेशच्या घरचं जेवून त्याच्याशी वाकडं कोण घेणार?

त्याची आई गोजराही काही बोलली नाही. लेकाचा मान राहावा म्हणून रोज त्या फोटोपुढे उदबत्ती लावत राहिली.

सत्त्याण्णव साली हरेशच्या मुलीचा, रंजिताचा, साखरपुडा ठरला. आधी घरातल्या गेलेल्या माणसापुढे नारळ ठेवायचा, मग अंगठी, अशी त्यांची रीत. नारळाचा मान नवऱ्यामुलाच्या मामांचा. हे देवजीमामा मुंबईत एका म्युझियममध्ये जुने फोटो सांभाळायच्या कामाला होते. नारळ ठेवता ठेवता त्यांची नजर अडकली. विचारून त्यांनी फोटो खाली घेतला, मागचं काळं कापड काढलं आणि काच खिडकीकडे धरली. पगडीवाल्याचं तोंड काळं पडलं, काळा कोट पांढरा झाला. कापड लावल्यावर माणूस पुन्हा होता तसा.

मामा हरखले. हा कागदावर छापलेला फोटो नव्हे, काचेवरच उमटवलेला आहे, असे फोटो काढणं शंभर वर्षांपूर्वीच बंद पडलं, असं सगळ्यांना कौतुकाने सांगू लागले. मग सहज विचारलं, "हे तुमचे कोण? खापरपणजोबा?"

हरेशने व्याह्यांकडे पाहिलं. ते घरात आल्या आल्याच त्याने त्यांना हे आपले वडील म्हणून सांगितलं होतं.

गोजरा उठली. "त्याचा कोनी नाय तो," ती म्हणाली. "याचा बापूस लंगोटीवर मीठ ओढायचा. याला त्याची लाज वाटली, म्हनून मी रोज परक्या मानसाच्या पाया परते."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं हरेशला झालं. रंजिता मान खाली घालून बसली होती. मामांनी फोटो पालथा ठेवला आणि नारळ गोजराच्या हातात दिला. तिने तो मोकळ्या भिंतीपाशी ठेवला.

"डोले मिट," ती लेकाला म्हणाली. "बापसाला आठव नि पाया पर."

हरेशने हात जोडले, डोळे मिटले. बापाचा चेहरा आठवायला गेला, तर पगडीवालाच पुढे आला.